मानधन की कुमार गट? तुटपुंज्या पैशांत कबड्डीचा संघ चालवताना

दिवाळी झाली, कारखान्यांची धुराडी पेटली की आपल्याकडच्या बहुतेक कबड्डी मंडळांत एकच विषय निघतो. वर्गणी-देणगीचे मिळून पावणेदोन लाख जमलेत. ते खुल्या गटातले तीन-चार हुकमी खेळाडू धरून ठेवायला घालायचे, की किशोर नि कुमार या वयोगटांतल्या पोरांवर? पलूस तालुक्यातल्या आमच्या मंडळाचा चिटणीस म्हणून मी दोन्ही करून बघितलंय, तीन-तीन वर्षं.

मानधनाची बाजू लंगडी नाही, हे आधी सांगतो. चांगला चढाईपटू आणि पक्का डावा कोपरा, म्हणजे बचावात डाव्या टोकाला उभा राहणारा, हाताशी असला की यात्रेतल्या स्पर्धांत ढाल येते, आणि ढाल आली की देणगीदार आपणहून फोन करतात. खेळाडूनं पैसे मागण्यातही काही गैर नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा माणूस रात्री बारापर्यंत खेळला तर दुसऱ्या दिवशी त्याचा खाडा पडतो. १८९५ साली उत्तर इंग्लंडातल्या रग्बी क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बसून वेगळी संघटना काढली, तिचीच पुढं रग्बी लीग झाली. भांडण खाड्याचंच होतं. खाणीत नि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंची बुडालेली मजुरी भरून द्यायला रग्बीची वरची, देशपातळीवरची संघटना तयार नव्हती. नव्या संघटनेनं ती द्यायचं ठरवलं, सुरुवातीला दिवसाला ६ शिलिंगांपर्यंत. खेळाडू पैसे मागतो म्हणून नावं ठेवणारे आपल्यातही आहेत. मला ते कधीच पटलं नाही.

मग माझं मन का फिरलं? पैशामुळं नाही, फोनमुळं.

सामना रात्री साडेनऊचा. गाडी संध्याकाळी सहाला निघायची. आमच्या डाव्या कोपऱ्याला दुपारी विचारलं तर म्हणाला, "येतो की आबा, तुम्ही व्हा पुढं." सातला फोन लागला, पण उचलला नाही. आठला बंद. मैदानावर पोरं अंग गरम करतायत, पंच यादी मागतायत, पिशवीत त्याची चार नंबरची जर्सी घडी घालून तशीच. दुसऱ्या दिवशी कळलं, दुसऱ्या तालुक्यातल्या एका संघानं त्याला त्या रात्रीचे दोन हजार जास्त दिले होते. एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. त्या हंगामात पाच वेळा झालं, तीन वेगवेगळ्या खेळाडूंकडून, आणि तिघांनाही महिन्याचं मानधन चालू होतं. आणखी वाईट म्हणजे ते सरावालाही येत नसत. कोपरा आणि त्याच्या शेजारचा रोज एकमेकांचा हात धरून उभे राहिले नाहीत तर साखळी जुळत नाही. ऐन पकडीत एक पुढं जातो, दुसरा जागेवरच राहतो.

त्या रात्री कोपऱ्यात सतरा वर्षांचा कुमारचा पोरगा उभा केला. अकरा गुणांनी हरलो. सकाळी साडेपाचला मैदानावर गेलो तर तो अंगठ्याला चिंधी बांधून एकटाच घोट्याची पकड घोटत होता.

कुमार गटाचा खर्च कमी, कटकट जास्त. बावीस पोरांची अंडी-केळी महिन्याला सातेक हजारांत भागतात. पण दहावी-बारावी आली की निम्मं मैदान रिकामं. वजनाचा घोर वेगळाच. कुमारला वय २० च्या आत, किशोरला १६ च्या, आणि दोन्हीकडं वजनाचीही मर्यादा. निवड चाचणीच्या आदल्या रात्री उपाशी झोपवलेली पोरं मी पाहिलीत, तसं कुणी करू नये. आधी वजनकाटा घ्या, मॅटचं नंतर बघा.

पोरं घडवली तरी टिकतातच असंही नाही. कुणी पोलीस भरतीत जातो, कुणी पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक संघात. मोठ्या स्पर्धांतल्या कामगिरीवर सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण मिळतं, त्या वाटेनं गेलेल्याला कोण अडवणार? पण तो सांगून जातो, आणि यात्रेला सुट्टी काढून आपल्याच जर्सीत उतरतो. निदान आमच्याकडं तरी असंच झालंय. पालकही बदललेत. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली, कासेगावचा काशिलिंग आडके टीव्हीवर चढाया करताना दिसला, तेव्हापासून आईबाप पोराला मैदानावर सोडायला येतात. त्याआधी ओढून न्यायला यायचे.

तुमच्या गावात शाळा लांब असेल, रोज सकाळी मैदानावर उभा राहणारा माणूस नसेल, तर मानधनाचाच रस्ता बरा पडेल, हे मी नाकारत नाही. कुमार गट पोस्टरवर काढून चालत नाही. मात्र तसा एक माणूस असेल, तर तीन वर्षं ढालीविना काढायची तयारी ठेवून पोरांकडं वळा.

आम्ही आता मोठे खेळाडू दोनच ठेवलेत, दोघंही गावातच राहणारे, तिशीकडं झुकलेले. महिन्याचं मानधन बंद केलं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पडणारा खाडा मंडळ भरून देतं, आणि पोरांना आठवड्यातून तीन सकाळी पकडी शिकवल्याचे पैसे वेगळे. जर्सीची पिशवी कुमारचा कर्णधार सांभाळतो. संध्याकाळी सहाला गाडी निघते तेव्हा तो मोजून सांगतो, "आबा, बारा हायती."