क्लाउडफ्लेअरचं १.१.१.३ : फुकट आणि चांगलं, पण दुसरा रकाना बघून भरा

घरच्या वाय-फायवर अश्लील आणि मालवेअरच्या साइट बंद करायच्या असतील, तर २०२० पासून चालू असलेली क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची ही डीएनएस सेवा सगळ्यात कमी कटकटीची. डीएनएस म्हणजे साइटचं नाव दिलं की तिचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर. खातं नको, अ‍ॅप नको. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये (राउटर घरातल्या उपकरणांना पत्ते वाटतो ते सेटिंग) पहिला डीएनएस १.१.१.३, दुसरा १.०.०.३, मग राउटर रीस्टार्ट.

घोळ होतो तो दुसऱ्या रकान्यात. तिथे सवयीने गूगलचं ८.८.८.८ ठेवलं जातं. पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारतात, असं काही नसतं. फोन, लॅपटॉप कधीही दुसऱ्याकडे वळतात, आणि ८.८.८.८ अश्लील साइट अडवत नाही. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर आणखी एक भगदाड: फोनला नेट कंपनीचा आयपीव्ही६ डीएनएस परस्पर मिळतो आणि फिल्टर नुसता नावाला उरतो. राउटरच्या आयपीव्ही६ डीएनएसच्या रकान्यांत २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ भरा. नेट कंपनीच्या राउटरमध्ये हे बदलताच येत नसेल, तर त्याच्या मागे आपला राउटर जोडा किंवा प्रत्येक उपकरणावर वेगळं सेटिंग करा.

अँड्रॉइड ९ पासून पुढे ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. तिथे आकडे चालत नाहीत, नावच लागतं: फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम (अर्थात इंग्रजी अक्षरांत). याचा फायदा म्हणजे मोबाइल डेटावरही फिल्टर लागू राहतो.

अडवलेल्या साइटसाठी उत्तर येतं ०.०.०.०. ‘ही साइट बंद केली आहे’ अशी पाटी दिसत नाही, ब्राउझर साधी कनेक्शनची एरर दाखवतो. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर नेट गेलं म्हणून ओरड होते. तपासायला न्युडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम उघडा. ती उघडता कामा नये. विंडोजवर त्याआधी डीएनएस कॅश (आधीच्या उत्तरांचा साठा) रिकामी करा, नाहीतर जुनंच उत्तर मिळेल.

डीएनएसला फक्त डोमेन दिसतं, पान नाही. त्यामुळे यूट्यूबवरचा एखादाच व्हिडिओ अडवणं जमणार नाही. स्वतःची यादी किंवा वेळापत्रकही यात नाही. व्हीपीएन (सगळी ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारं अ‍ॅप) लावला, किंवा ब्राउझरच्या ‘सिक्युअर डीएनएस’मध्ये दुसरी सेवा निवडली, की राउटरचं सेटिंग बाजूला पडतं. सातआठ वर्षांच्या मुलांसाठी बेलाशक लावा. दहावीतला मुलगा हे एका संध्याकाळीत मोडेल. यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड (प्रौढांसाठीचे व्हिडिओ लपवणारा) आणि सेफ सर्चही (शोधात अश्लील निकाल गाळणारा) सक्तीने हवे असतील, तर क्लीनब्राउझिंग या अशाच दुसऱ्या डीएनएस सेवेचा फॅमिली फिल्टर घ्या: १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. तोही फुकट आहे, फक्त रेडिट बंद होतं.