बेळगावातल्या एका हायस्कूलचं नवीन ग्राऊंड : पोरांसाठी साडेचार स्टार, पोरींसाठी दीड

आधीच सांगते, शाळेचं नाव लिहिणार नाही. माझी दोन्ही पोरं अजून तिथंच आहेत, मुलगा दहावीत, मुलगी आठवीत, आणि बेळगाव काही एवढं मोठं नाही, टिळकवाडीत शिंकलं तर शहापुरात ऐकू जातं. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. पण आठवीच्या ॲडमिशनचे दिवस आले की ग्रुपवर सगळे विचारूलालेत, "ते नवीन ग्राऊंड कसं झालंय ओ वैनी, घालू काय पोरगीला तिथं?" म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. शिक्षणाचं इथे काही लिहीत नाही, ते चांगलंच आहे.

आधी चांगलं ते. क्रिकेटचं काम खरोखर एक नंबर झालंय. सिमेंटचं पिच, वर मॅट, बाजूला जाळीचे दोन नेट, चार खांबांवर एलईडी लाईट, आकडे बदलणारा इलेक्ट्रिक स्कोअरबोर्ड, आणि पालकांना बसायला पायऱ्या. फुटबॉलच्या गोलपोस्टना खरोखरची नेट आहे, हे बेळगावात सांगावं लागतं कारण इथे लेले ग्राऊंडवर मॅच असली की माणूस भर उन्हात दोन तास उभा राहील पण शाळेत मात्र दोन दगड ठेवून गोल. आणि सगळ्यात भारी म्हणजे ड्रेनेज. आपल्याकडे जूनला लागलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत पिच्छा सोडत नाही, लाल माती बुटाला चिकटून बूट दुप्पट जड होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत तालुका लेव्हलच्या मॅच लागतात. या लोकांनी खडी, मुरूम असे थर नीट टाकून एका बाजूला उतार दिलाय, पाऊस थांबला की थोड्या वेळात पोरं परत खेळायला लागतात. कंत्राटदार कोण होता माहीत नाही पण काम चोख आहे, मान्य करायलाच पाहिजे.

आता उतार म्हटला की पाणी कुठेतरी जाणारच. तर ते जातं पोरींच्या खो-खोच्या मैदानात. म्हणजे वरच्या बाजूला क्रिकेट, मध्ये फुटबॉल, आणि खालच्या कोपऱ्यात, सायकल स्टँडच्या पलीकडे, जिथे गटार आहे, तिथे खो-खो आणि थ्रोबॉल. खो-खोला २७ बाय १६ मीटर जागा लागते, ती आखलीय, नाही असं नाही, पण एका अंगाला रेषेच्या बाहेर दोन पावलांवरच गटाराची कड आहे. ज्यांनी खो-खो खेळलाय त्यांना माहीत असेल, पळणारी पोरगी रेषेवर थांबत नाही हो, ती वेगात बाहेर जातेच. दोनपैकी एक पोल हलतो. पोल हलत असेल तर पोल डाइव्ह, म्हणजे पोलला धरून सूर, मारायची कशी? खाली बारीक खडी वर आलीय, त्यावर सूर मारला की गुडघा गेलाच. थ्रोबॉलला नेट आहे ते व्हॉलीबॉलचं जुनं, एक टोक लोखंडी पाइपला आणि दुसरं आंब्याच्या झाडाला, त्यामुळे मधोमध लोंबतं. नेट पाहिजे २.२ मीटर उंच, आणि असल्या लोंबत्या नेटवर प्रॅक्टिस करून टीम तालुक्याला जाऊन हरली की आपणच म्हणायचं पोरींमध्ये दम नाही. माझी लेक घरी आल्यावर म्हणाली, "आई, मी प्रॅक्टिसला जात नाही आता, पाय घसरूलालाय."

पण मैदानापेक्षा जास्त राग मला चेंजिंग रूमचा आला. नकाशात पोरींची चेंजिंग रूम आहे, दारावर पाटीपण आहे, आणि दाराला कुलूप आहे, कारण आत क्रिकेटच्या मॅट, किट बॅगा आणि रोलरचं सामान. चावी क्रिकेटच्या कोचकडे. पोरी कपडे बदलतात आठवी ब च्या वर्गात, दाराला आतून बाक लावून, बाहेर एक मैत्रीण राखण. पोरींचं टॉयलेट इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला आणि शिपाई मामा पाचला कुलूप लावून घरी जातात. महिन्याच्या त्या दिवसांत पोरी प्रॅक्टिसच बुडवतात, त्यात आश्चर्य काय. पीटी टीचरना हे माहीत आहे, त्या बिचाऱ्या सांगून थकल्या. एचएमना, म्हणजे मुख्याध्यापकांना, पण माहीत आहे. फक्त ग्राऊंडच्या समितीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढायला सगळ्यांना लाज वाटते, कारण समितीत सगळे बाप्ये.

आणि लाईट. लाईटचं उद्घाटन झालं तेव्हा भाषणात सांगितलं की हे लाईट मुलं-मुली दोघांसाठी आहेत. बरोबर आहे, लाईट काय कुणाला बघून पडत नाही. पण आमच्या शाळेत अर्ध्या पोरी खेड्यांतून येतात, उचगाव, तुरमुरी, बेळगुंदी, काही तर शिनोळीकडून. संध्याकाळी साडेपाचची बस गाठली नाही तर घरचे फोनवर फोन. (इकडच्या पोरींना २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बस फुकट, शिनोळीवाल्या महाराष्ट्रातल्या म्हणून त्यांना एसटीचं अर्धं तिकीट, दोघी एकाच बाकावर बसून शिकणाऱ्या, ही आपली बॉर्डर.) शाळा सुटते सव्वाचारला. सव्वाचार ते सव्वापाच या एका तासात पोरींची प्रॅक्टिस व्हायला पाहिजे, आणि नेमका तोच तास क्रिकेटला दिलाय, मोकळ्या मैदानावर वॉर्मअप आणि फिल्डिंगसाठी, नंतर लाईट लागले की नेट. पोरींना सांगतात तुम्ही सहानंतर या, लाईट आहेत की. सहाला कोण येणार? लाईट दोघांचे, पण संध्याकाळी बाहेर राहायची परवानगी एकाचीच.

आता हे सगळं असं का झालं, तर पैसा कुठून आला ते बघा. शाळेच्या बजेटमधून ग्राऊंडला जवळजवळ काही मिळालं नाही. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या वडिलांनी मिळून समिती केली, माजी विद्यार्थ्यांच्या बॅचना फोन केले, पुण्या-बेंगळूरला असलेल्यांनी ऑनलाइन पाठवले, टेनिस बॉलची टूर्नामेंट लावून एन्ट्री फी घेतली, दोन दुकानदारांनी जर्सी दिल्या. कष्ट केलेत त्यांनी, रविवारचे रविवार घातलेत, माझा नवरा पण त्यात होता. त्यांच्यावर राग नाही. पण देणारा कशाला देतो ते बघा ना. स्कोअरबोर्डवर नाव लागतं, लाईटच्या खांबावर नाव लागतं, पायऱ्यांवर आजोबांच्या स्मरणार्थ संगमरवरी पाटी लागते. पोरींच्या टॉयलेटवर आजोबांचं नाव लावायला कोण तयार होईल सांगा! म्हणून जे दिसतं ते झालं, आणि जे लागतं ते राहिलं.

शिवाय वर्गणी ऐच्छिक होती असं म्हणतात. ऐच्छिक, पण कुणी किती दिले याची लिस्ट रोज रात्री ग्रुपवर. ती लिस्ट वर-खाली करून मी बघितली, त्यात फक्त पोरीच शाळेत असलेले कितीतरी पालक आहेत. म्हणजे "ज्यांनी पैसे दिले त्यांच्या पोरांना मिळालं" हे पण खरं नाही. वर्गणी मागताना "शाळेचं ग्राऊंड", वाटायच्या वेळी "क्रिकेटवाल्यांनी उभं केलंय".

हेच मी मीटिंगमध्ये बोलले तर एक गृहस्थ म्हणाले, "वैनी, आम्ही आमच्या पोरांसाठी जमवलो, तुम्ही तुमच्या पोरींसाठी जमवा की, कोण नको म्हणूलालंय?" ऐकायला बरोबर वाटतं. मला पण क्षणभर उत्तर सुचलं नाही.

उत्तर नणंदेकडून मिळालं. ती अमेरिकेत असते, तिची मुलगी तिकडच्या हायस्कूलमध्ये सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखाच खेळ) खेळते. तिकडे पण हीच भानगड, पालकांची मंडळं असतात, बूस्टर क्लब म्हणतात त्यांना, तेच पैसे जमवून मैदानं करतात. पण तिकडे १९७२ चा कायदा आहे, टायटल नाइन, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत मुलगा-मुलगी भेद करता येत नाही, आणि त्याच्या नियमांत नुसतं "समान संधी" एवढंच म्हणून सोडलं नाही, चेंजिंग रूम, मैदान, सामान, प्रॅक्टिसची वेळ, कोच, प्रवास, सगळं वेगवेगळं लिहिलंय. दोघांवर रुपयाला रुपया सारखाच खर्च करा असं नाही म्हणत तो, पण मिळणारी सोय तोलामोलाची पाहिजे. फ्लोरिडात ब्रेवर्ड काउंटी म्हणून भाग आहे, तिथल्या मेरिट आयलंड हायस्कूलची केस १९९७ साली कोर्टात गेली. पोरांच्या बेसबॉल मैदानाला लाईट, इलेक्ट्रिक स्कोअरबोर्ड, बॅटिंगचा पिंजरा, खाण्याचा स्टॉल, पोरींच्या सॉफ्टबॉलला यातलं काही नाही. शाळेच्या बोर्डाचं म्हणणं काय, तर ते बूस्टर क्लबच्या पैशातून झालंय, आम्ही काय करणार. कोर्टाने ते मानलं नाही. पैसे कुणी का जमवेनात, शाळा तुमची, ती व्यवस्था चालू दिलीत तुम्ही, मग तिचा परिणाम पण तुमच्याच गळ्यात, असा एकंदर अर्थ.

पुढची गंमत ऐका. मग त्या बोर्डाने एक पैसा खर्च न करता समानता आणायचा प्लॅन दिला, म्हणजे पोरांचा स्कोअरबोर्ड बंद, स्टॉल बंद, पिंजरा बंद, बसायच्या जागेला दोरी. कोर्ट तसा प्लॅन मान्य करायला तयार नव्हतं, त्याने उलट सगळे पोरींवरच चिडतील. हे मी वाचत होते आणि हसू येत होतं, कारण आमच्या मीटिंगमध्ये पण एकाने तावातावाने म्हटलं होतं, "मग लाईटच काढून टाकतो, झालं समाधान?" पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या फ्लोरिडातला डायलॉग बेळगावात जसाच्या तसा.

आपल्याकडे आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९ चा आहे, त्यात मैदान पाहिजे आणि मुलामुलींना वेगळी टॉयलेट पाहिजेत हे लिहिलंय, पण ते आठवीपर्यंतच आणि मैदान कुणाला किती वेळ द्यायचं, पालकांच्या पैशातून केलेली सोय कशी वाटायची, यावर त्यात काही नाही. म्हणून आपलं सगळं एचएमच्या मनावर.

"पोरींचं कशाला एवढं, दहावीनंतर कोण खेळतंय" म्हणणाऱ्यांसाठी एकच. तुरमुरीची मलप्रभा जाधव, आपल्याच तालुक्यातल्या खेड्यातली, २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये कुराशमध्ये (कुस्तीसारखा खेळ) ब्राँझ घेऊन आली. खो-खोचा पहिला वर्ल्ड कप २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झाला, त्यात पोरींनी पण कप घेतलाय. आणि क्रिकेटच म्हणाल तर आरसीबीचा, आपल्या बेंगळूरच्या टीमचा, पहिला कप २०२४ ला पोरींनीच आणला, पोरांचा त्यानंतरच्या वर्षी आला, त्या आधी सतरा वर्षं आपण "ई साला कप नमदे" (या वर्षी कप आपलाच) ओरडत बसलो होतो. आणि समजा नाहीच खेळली दहावीनंतर, तर? क्रिकेटवाली सगळी पोरं काय रणजी खेळणार आहेत?

तर मीटिंगांचं फळ काय. टाईमटेबल बदललं, मंगळवार आणि गुरुवार सव्वाचारचा तास वरच्या मैदानावर पोरींना, पाऊस असला तर कोरडा भाग पोरींना आधी. हे पैसे न लागणारं होतं म्हणून लवकर झालं. थ्रोबॉलचं नवीन नेट आयांच्या भिशीतून आलं. भिशीतून आलं याचा मला आनंद नाही खरं तर, कारण परत तेच, पोरींचं पोरींच्या आयांनी बघायचं. नेटची पावती मी शाळेच्या नावाने करून घेतली, आणि रजिस्टरला "शाळेची मालमत्ता" म्हणून चढवायला लावलं. मुलांना व्हॉलीबॉलला लागलं तर त्यांनी खुशाल वापरावं. पोल अजून हलतोय. गटारावर फरशी टाकतो म्हणालेत, दिवाळीनंतर. कुठली दिवाळी ते विचारलं पाहिजे.

ॲडमिशनला जाणाऱ्यांना माझं म्हणणं, ऑफिसमधून ग्राऊंड दाखवतात तेवढ्यावर जाऊ नका, ते वरची बाजू दाखवतात. सायकल स्टँडच्या पलीकडे जाऊन या. शनिवारी नको, मधल्या एखाद्या वारी सव्वाचारला जा आणि कोण खेळतंय ते बघा. पोरींच्या टॉयलेटला पाचनंतर कुलूप असतं का, चेंजिंग रूमची चावी कुणाकडे, हे सरळ विचारा, लाजू नका. वर्गणी द्यायची तर समितीच्या हातात कॅश नको, संस्थेच्या खात्यावर द्या आणि पावती घ्या, २००० च्या वर कॅश दिली तर देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट तशीही मिळत नाही. आणि पावतीवर कशासाठी ते लिहून घ्या, "क्रीडा" एवढंच नको, "मुलींची चेंजिंग रूम" असं स्पष्ट.

रेटिंग वर टायटलमध्ये दिलंच आहे. पोरांचा अर्धा स्टार कापला तो पिण्याच्या पाण्याचा नळ लांब आहे म्हणून. पोरींना दीड दिले त्यातला एक पीटी टीचरसाठी आणि अर्धा बदललेल्या टाईमटेबलसाठी. चेंजिंग रूममधून मॅट बाहेर निघाल्या की एक वाढवते.