जेट स्कीचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह: धुवायचा की बदलायचा?

मालवणहून आंबोली घाट चढून एखादी जुनी जेट स्की (पाण्यावरची स्कूटर) बेळगावात, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत दुरुस्तीला येते. तक्रार ठरलेली: 'सुटते झकास, पण पुढं पळत नाही.' रोटॅक्स कंपनीच्या टू-स्ट्रोक इंजिनात अशा वेळी रेव्ह व्हॉल्व्हचं, म्हणजे इंजिनाच्या वेगानुसार एक्झॉस्टची वाट कमीजास्त उघडणाऱ्या झडपेचं, पातं बरेचदा काजळीनं बंदच चिकटलेलं असतं, नाहीतर एक्झॉस्टच्या दाबानं पातं उचलणारा रबरी बेलो (घड्यांची पिशवी) फाटलेला. (पातं उघडं अडकलं तर उलट सुटतानाच मरगळ.)

नुसती काजळी असेल तर धुणंच बरं. बेलो आधी बाजूला काढा. कार्बोरेटर क्लीनरनं रबर फुगतं. पातं भिजवून मऊ ब्रशनं घासा. पटाशी लावलीत तर ओरखडे पडतात, काजळी परत तिथंच धरते. खर्च? एक दुपार आणि दोन चहा, बघा की.

फाटक्या बेलोला मात्र चिकटवाचिकटवी नको, नवाच घाला. दाब धरला नाही तर पातं उचलणार कसं? अख्खा व्हॉल्व्ह बदलायचा तो पातं वाकलं, झिजलं तरच.