७ एमएम-०८ रेमिंग्टन: हरणासाठी पुरेसं, खांद्याला सोसणारं

हरणासाठी काडतूस निवडताना बोलणं ताकदीवर येऊन थांबतं. पण गोळी हृदय-फुप्फुसात लागली तरच जनावर लवकर पडतं आणि मध्यम आकाराच्या हरणात ही जागा साधारण आठ इंचांची. बंदुकीच्या धक्क्याच्या धास्तीने चाप हिसकला की गोळी पोटात जाते, मग माग काढत बसा. म्हणून आमची पसंती ७ एमएम-०८ला.

.३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या पितळी नळकांड्याची मान आवळून हे काडतूस बनलं. रेमिंग्टनने ते १९८०मध्ये बाजारात आणलं. १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी सुमारे २८०० फूट प्रति सेकंद वेगाने सुटते आणि धक्का .३०८पेक्षा कमी बसतो. २०० यार्डांवर नेम बसवला की १०० यार्डांवर गोळी पावणेदोन इंच वर आणि ३०० यार्डांवर आठेक इंच खाली लागते.

.२४३ या काडतुसाचा धक्का आणखी हलका आहे, पण त्यात ९५-१०० ग्रेनची गोळी हवी. ५५-५८ ग्रेनच्या गोळ्या छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठी असतात. खांद्याच्या हाडावर त्यांचा चुरा होतो. .३०-०६ हे काडतूस उत्तमच, फक्त हरणासाठी एवढा धक्का विनाकारण.

खरा घोळ गोळीच्या बांधणीत होतो. साधी शिशाच्या गाभ्याची गोळी बहुतेक वेळा पुरते. मात्र जवळून, पूर्ण वेगात हाडावर आदळली तर तिचं तांब्याचं कवच गाभ्यापासून सुटू शकतं. बाँडेड, म्हणजे गाभा कवचाला पक्का जोडलेल्या गोळीत हा धोका कमी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीत शिसं चालत नाही, तिथे निखळ तांब्याची गोळी. ती हलकी, १२० ग्रेनची घ्या: तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, शिवाय तिला फुलायला, म्हणजे आदळल्यावर टोक पसरायला वेग लागतो आणि हलक्या गोळीला तो जास्त मिळतो. वेग कमी पडला तर बारीक भोक पाडून आरपार जाते. पूर्ण कवचाच्या लष्करी गोळीचं तर नावच नको, ती फुलतच नाही.

उणीव एकच, पण जाचक: दुकानात .३०८च्या मानाने निवड कमी. म्हणून वेगवेगळ्या गोळ्यांची एकेक पेटी आणून १०० यार्डांवर तीन-तीन झाडून बघा, भोकं जवळजवळ पाडणाऱ्या गोळीच्या एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) पेट्या हंगामाआधी घेऊन ठेवा. लॉट बदलला तर नेम पुन्हा तपासा. आणि भरण्याआधी काडतुसाच्या बुडावरचं नाव नळीवरच्या नावाशी जुळवा, हे काडतूस .३०८च्या बंदुकीच्या चेंबरमध्येही (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) सरकून बसतं.