पहिलं अधिक्रमण टिपायचंय: जंबूकातला ग्रह निवडावा की महाश्वातला?

शनीची कडी बघून झाली, गुरूचे चंद्र बघून झाले, आता परक्या सूर्याभोवतीचा एखादा ग्रह आपल्या गच्चीवरून टिपता येईल का, असं पावसाळा सरत आला की कुणी ना कुणी मला विचारतंच. येतो टिपता. ग्रह स्वतः दिसत नाही. तो आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश जरासा उतरतो आणि ती घट मोजता येते. यालाच अधिक्रमण म्हणायचं. लहान दुर्बिणीला झेपतील इतके तेजस्वी तारे असलेले दोन ग्रह यासाठी सगळ्यांच्या ओळखीचे आहेत: जंबूक तारकासमूहातला एचडी १८९७३३ बी आणि महाश्वातला एचडी २०९४५८ बी. सुरुवात कुणापासून करायची, हे ठरवायला बसलेल्यांसाठी हे लिहितोय.

दोघांचे तारे साधारण ७.७ प्रतीचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, पण द्विनेत्रीत सहज सापडणारे. दोन्ही ग्रह ‘उष्ण गुरू’ जातीचे, म्हणजे गुरूसारखे वायूचे, पण ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारे आणि म्हणून तापलेले. जंबूकातला आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर आहे. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही गुरूपेक्षा थोडी जास्त, आणि ताऱ्यापासून अंतर फक्त ४६ लाख किलोमीटर. आपला बुधसुद्धा सूर्यापासून सरासरी ५ कोटी ७९ लाख किलोमीटरवर असतो, त्यावरून कल्पना करा. याचं वर्ष २.२२ दिवसांत संपतं. महाश्वातला सुमारे १६० प्रकाशवर्षांवर, ताऱ्यापासून ७० लाख किलोमीटरवर, आणि वर्ष ३.५२ दिवसांचं. हा जास्त फुगलेला आहे. वस्तुमान गुरूच्या पाऊणपटीहून कमी, त्रिज्या मात्र गुरूच्या जवळजवळ १.४ पट. त्यामुळे घनता पाण्याच्या जेमतेम एक तृतीयांश भरते. शनी पाण्यावर तरंगेल असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. हा तर शनीपेक्षाही हलका.

मोठा ग्रह जास्त प्रकाश अडवणार, असं वाटणं साहजिक आहे. इथे उलटं होतं. जंबूकातला तारा नारिंगी, सूर्याहून लहान. त्यामुळे लहान ग्रहही त्याचा सुमारे २.४ टक्के प्रकाश झाकतो. महाश्वातला तारा सूर्याहून थोडा मोठा, म्हणून फुगलेला ग्रह समोर येऊनही घट १.६ टक्क्यांच्या आसपास राहते. अडलेला प्रकाश हा ग्रहाची त्रिज्या भागिले ताऱ्याची त्रिज्या, याचा वर्ग असतो. हे एकदा डोक्यात बसलं की ताऱ्याचा प्रकाश वेळेनुसार कसा बदलला हे दाखवणाऱ्या स्वतःच्या आलेखावरून ग्रहाचं आकारमान कागदावर काढता येतं, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं खरं सुख तेच आहे.

एका टक्क्याहून कमी फरक, त्याने काय बिघडतं? शहराच्या कडेच्या आकाशात बरंच बिघडतं. ढगाची पातळ पापुद्री, रस्त्यावरची धूळ, ताऱ्याचं लुकलुकणं, या सगळ्यांमुळे एकेक बिंदू सहज अर्धा टक्का वरखाली होतो. २.४ टक्क्यांची घट त्यातूनही उठून दिसते. १.६ टक्क्यांचीही दिसते, पण बिंदूंची सरासरी घ्यावी लागते आणि धीर धरावा लागतो.

पण निवड खरी ठरते ती घड्याळावर आणि ऋतूवर, आणि महाराष्ट्रातून बघणाऱ्याने इकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. हे दोन्ही तारे मध्यरात्री डोक्यावर येतात ते जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन पावसात. म्हणून आपल्याला कडेचे महिने पकडावे लागतात. जंबूकातल्या ग्रहाचं अधिक्रमण पावणेदोन ते दोन तासांचं. आधी-नंतरचा एकेक तास धरला तर चार तास पुरतात. मेच्या मध्यावर पुण्याच्या आसपास हा तारा रात्री पाऊण वाजता क्षितिजापासून तीस अंशांवर चढतो आणि पहाट फुटेपर्यंत बरोबर चार तास मिळतात. ऑक्टोबरच्या मध्यावरही संध्याकाळी सव्वासात ते सव्वाअकरा असे चार तास मिळतात. म्हणजे वर्षात दोन संधी. महाश्वातल्याचं अधिक्रमण तीन तासांचं, एकूण पाच तास हवेत. मेमध्ये ते शक्य नाही. ऑक्टोबरात मात्र आरामात सहा तास मिळतात.

नोकरी करणाऱ्यांना महाश्वातल्याचा एक मोठा फायदा आहे. त्याच्या दोन फेऱ्या म्हणजे सात दिवस आणि एक तास अकरा मिनिटं. एका शनिवारी रात्री आठला मध्य असेल तर पुढच्या शनिवारी नऊ अकराला. पहिला शनिवार ढगांनी खाल्ला तरी दुसरा हातात असतो. जंबूकातल्याच्या नऊ फेऱ्या वीस दिवसांपेक्षा पाऊण तासाने कमी भरतात, त्यामुळे तशीच वेळ पुन्हा यायला जवळपास तीन आठवडे जातात.

महाश्वातल्यात एक अडचण खास आपल्या अक्षांशाची. हा तारा पुण्याच्या थेट डोक्यावरून जातो, खमध्यापासून अर्ध्या अंशाच्याही आत. हवेचा थर सर्वांत पातळ असल्याने हे चांगलंच, पण वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या साध्या बैठकीला खमध्याजवळ तारा धरून ठेवता येत नाही. विषुववृत्तीय बैठक, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर आसाभोवती फिरून तारा धरून ठेवणारी, असली तरी मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, तारा ओलांडताना नळकांडं फिरवून दुसऱ्या बाजूला घ्यावं लागतं. मी एकदा ते पुढे ढकलत राहिलो. रात्री नऊच्या सुमारास दुर्बीण तिवईच्या पायाला टेकली, तारा चौकटीतून सरकला आणि आलेखाला नेमका मधे खड्डा पडला. अधिक्रमण सुरू होण्याआधीच नळकांडं फिरवून घ्या.

तारा शोधण्यात जंबूकातला सोपा. डंबेल तेजोमेघ, म्हणजे एम २७, सापडला की त्याच्या पूर्वेला पाव अंशावर हा तारा आहे. आकाशगंगेच्या पट्ट्यात असल्याने तुलनेसाठी शेजारी तारेही भरपूर. मात्र हा तारा स्वतः अस्वस्थ आहे, त्याच्यावर मोठे डाग असतात, आणि ग्रह डागावरून गेला तर आलेखाच्या तळाला छोटासा उंचवटा येऊ शकतो. महाश्वातला तारा शांत. आकारमान नेमकं काढायचं असेल तर तो जास्त विश्वासाचा.

महाश्वातल्याला इतिहासाचंही वजन आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये डेव्हिड शारबोनो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बोल्डरमधून फक्त १० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने याचं अधिक्रमण टिपलं. बाह्यग्रहाचं अधिक्रमण माणसाने पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. तेवढी दुर्बीण आज कितीतरी गच्च्यांवर आहे. जंबूकातला २००५ मध्ये सापडला आणि २०१३ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून त्याचा रंग गडद निळा निघाला. तो निळेपणा समुद्राचा नाही. हजार अंशांच्या आसपास तापलेल्या हवेतल्या सिलिकेटच्या कणांचा असावा असं मानतात.

माझं मत विचाराल तर पहिला प्रयत्न जंबूकातल्यावर करा, शक्यतो मेमध्ये, आणि ऑक्टोबरात सरावलेल्या हाताने महाश्वाकडे वळा. तारा मुद्दाम फोकसबाहेर काढा. आरसा असलेल्या दुर्बिणीतून तो पडद्यावर मेदूवड्यासारखा दिसायला लागला, मधल्या भोकासकट, की प्रकाश पुरेशा पिक्सेलवर पसरला समजा. ऑक्टोबरात रात्री दहानंतर भिंगावर दव धरतं आणि ताऱ्याचा प्रकाश हळूहळू उतरायला लागतो, तो अगदी अधिक्रमणासारखाच. अशा वेळी तुलनेच्या ताऱ्यांकडे बघा. तेही त्याच चालीने उतरत असतील तर ग्रह नाही, भिंग पुसायचंय.