शिलेली घ्यायची तर ब्लॅकथॉर्नची की अ‍ॅशची?

बाटराख्त, म्हणजे आयर्लंडची काठीची लढत, शिकायला घेतली की हा प्रश्न पडतोच. शिलेली म्हणजे या लढतीची, टोकाला गड्ड्याची मूठ असलेली काठी. आयर्लंडच्या विक्लो परगण्यातल्या शिलेली गावाशी हे नाव जोडतात. तिथली ओकची जंगलं प्रसिद्ध होती. आज मात्र निवड बहुधा ब्लॅकथॉर्न हे काटेरी झुडूप आणि अ‍ॅश हे झाड, या दोन लाकडांतच असते.

वाळवणं: ब्लॅकथॉर्न हिवाळ्यात, झाडातला रस उतरल्यावर तोडतात. मूठ मुळाच्या गड्ड्याची, म्हणून झुडूप खणूनच काढावं लागतं. मग वर्ष-दोन वर्षं सावलीत वाळवणं आलं. घाई केली, उन्हात ठेवली, तर सर्वांत आधी मूठच तडकते, कारण तिथे लाकूड जाड असतं आणि बाहेरचा थर आतल्यापेक्षा लवकर आकसतो. तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण लावा. साल ठेवायची, काटे छाटून त्यांचे उरलेले खुंट गुळगुळीत करायचे. अ‍ॅश सरळ वाढतो, लवकर वाळतो, मेहनतही कमी.

मार: ब्लॅकथॉर्न घट्ट आणि जड. अ‍ॅश हलका, लवचिक. हर्लिंग या आयरिश मैदानी खेळाच्या काठ्या परंपरेने त्याच्याच करतात. लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग असतील तरच घ्या. तिरक्या असतील तर जोराच्या फटक्यात काठी तिथेच फाटते.

खर्च: ब्लॅकथॉर्न महाग, आणि सरळ दांडा मिळणं नशिबाचं.

रोजच्या सरावाला, जोडीदारासमोर, अ‍ॅशच घ्या. तुटली तरी हळहळ नाही. आयुष्यभर वापरायची, चालतानाही हातात धरायची असेल तर ब्लॅकथॉर्न, खाली धातूची शेंबी बसवून आणि अधूनमधून जवसाचं तेल चोळून.