मेन रोडजवळच्या ओट्यावरील मदत-टेबल : एक अभिप्राय

जुन्या नाशकात, मेन रोडला लागून असलेल्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर रविवारी सकाळी एक टेबल मांडलेले असते. टेबलामागे एक निवृत्त सर्व्हेअर, एक वकील ताई आणि शेजारचे दोन-तीन तरुण दुकानदार बसतात. वाड्यांतील भाडेकरू, बाजारातील लहान व्यापारी आणि शहर बसने ये-जा करणारे प्रवासी यांच्या अडचणी ही मंडळी ऐकून घेतात, अर्ज लिहून देतात आणि गरज असेल तर कार्यालयापर्यंत सोबतही येतात. शुल्क काही नाही. संस्थेची नोंदणी नाही, फलक नाही, पावतीपुस्तक नाही. त्यामुळे या सेवेला नावही नाही आणि जागा विचारतच शोधावी लागते. माझ्या आत्याच्या कामासाठी मी या टेबलाची मदत घेतली, नंतर ओट्यावर थांबून इतरांची कामेही पाहिली. अशी सेवा कितपत उपयोगी पडते, हे विचारणाऱ्यांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

आत्या ज्या वाड्यात अनेक वर्षे भाड्याने राहते, त्या वाड्याला पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस लागली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली अशा नोटिसा दर वर्षी निघतात, आणि गावठाणातील लोक त्या दारावर लावलेल्या पत्रकासारख्या दुर्लक्षितात किंवा घाबरून रातोरात घर सोडतात. टेबलावर सर्वप्रथम नोटीस हातात घेऊन तिच्यावरील तारीख पाहिली गेली. मग ती कोणाच्या नावाने आहे, त्यात भाडेकरूंचा उल्लेख आहे की केवळ मालकाचा, आणि इमारत कोणत्या वर्गात टाकली आहे हे तपासले गेले. धोकादायक इमारतींचे सी-१, सी-२ए, सी-२बी आणि सी-३ असे चार वर्ग असतात. पहिल्या वर्गातील इमारत रिकामी करून पाडावीच लागते, दुसऱ्यातील रिकामी करून दुरुस्त करता येते, तिसऱ्यातील माणसे न हलवता दुरुस्त होऊ शकते आणि चौथ्यातील डागडुजीवर भागते. ‘धोकादायक’ एवढा एकच शब्द वाचून गाशा गुंडाळणाऱ्या माणसाला हा फरक कोणी समजावून सांगत नाही. येथे तो समजावून सांगितला गेला, आणि तोही आत्याला कळेल अशा भाषेत.

त्यानंतरचा प्रश्न मला अनपेक्षित होता. “आत्याबाई, वीजबिल कोणाच्या नावावर येतं?” वीजबिल, जुन्या भाडेपावत्या, शिधापत्रिका आणि मतदार यादीतील पत्ता यांची जुळवणी झाल्यावर सर्व्हेअर काका स्वतः फीत घेऊन वाड्यात आले. आत्याची खोली, स्वयंपाकघर आणि तिच्या एकटीच्या वापरातील माळा त्यांनी मोजला, आलेखाच्या कागदावर आकृती काढली आणि शेजारच्या दोन बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्या. मोजणीचा हा कागद आणि अर्ज महापालिकेच्या मेन रोडवरील विभागीय कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली गेली. एवढा खटाटोप कशासाठी, तर वाडा पाडला गेला म्हणजे भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र वाडा जमीनदोस्त झाल्यावर आपण नेमकी किती जागा वापरत होतो, हे सिद्ध करायचे असेल तर पुरावा भिंती उभ्या असतानाच तयार करावा लागतो. ही साधी व्यावहारिक अक्कल या टेबलाची खरी कमाई आहे, असे माझे मत झाले.

नोटिसीला स्थगिती मिळवून द्या, अशी विनवणी करणारे एक गृहस्थ त्याच सकाळी आले होते. त्यांच्या मोबाईलमधील छायाचित्रे पाहून वकील ताईंनी सरळ सांगितले, “काका, भिंतीला पोट आलंय. आधी माणसं बाहेर काढा, हक्काचं आपण कागदावर बघू.” भाडेकरूची बाजू घेणारी माणसे बहुधा त्याला घरात टिकवून धरण्याचाच सल्ला देतात, येथे जीव आणि हक्क यांची गल्लत होत नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

वाडा रिकामा केल्यावर माणसे जातात कोठे, हा प्रश्न मात्र या टेबलाच्या आवाक्याबाहेरचा आहे आणि तो कोणी लपवतही नाही. गावठाणातील भाड्यात आता नवी खोली मिळत नाही, तेव्हा बिऱ्हाडे म्हसरूळ, आडगाव किंवा पाथर्डी फाट्याकडे सरकतात. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांत २० टक्के हिस्सा अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी राखण्याची तरतूद आहे, आणि ती घरे म्हाडाच्या सोडतीतून दिली जातात. या तरतुदीच्या अंमलबजावणीवरून २०२२ मध्ये नाशिक राज्यभर गाजले होते. टेबलावर सोडतीचे अर्ज भरून मिळतात, पण सोडत म्हणजे नशिबाचा खेळ, आणि घर लागले तरी ते बाजारापासून दूरच असणार. एके काळी सिडकोने सहा योजनांत वसाहती उभारल्या तेव्हा अंबडचे कारखाने हाकेच्या अंतरावर होते. मेन रोडच्या कापड दुकानात उभ्याने दिवस काढणाऱ्या मुलीला असा शेजार आज लाभत नाही.

म्हणूनच वाड्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला हे लोक बसचेही विचारतात. सुरुवातीला मला ते विषयांतर वाटले. नंतर त्यातील संगती पटली. घर दूर गेले की दुकानातील नोकरी बसवर अवलंबून राहते, आणि रात्री दुकान वाढवल्यावर बस नसेल तर रिक्षाचे भाडे पगारातून जाते किंवा नोकरी सुटते. अनुभवी विक्रेती निघून गेली की लहान दुकानाचे गिऱ्हाईकही हळूहळू कॉलेज रोडच्या किंवा मॉलच्या वाटेला लागते. घर, बस आणि बाजार यांची एकच नोंदवही ठेवणारी दुसरी जागा मला नाशकात ठाऊक नाही.

बसविषयीच्या अर्जांचा दर्जा विशेष नोंदवण्याजोगा आहे. सध्याची शहर बससेवा, म्हणजे सिटीलिंक, ८ जुलै २०२१ रोजी सुरू झाली. त्याआधी शहरातल्या गाड्या एसटी महामंडळ चालवीत असे. सिटीलिंकसाठी महापालिकेने नाशिक महानगर परिवहन महामंडळ ही कंपनी उभी केली. गाड्या आणि चालक ठेकेदारांचे असतात, त्यांना धावलेल्या किलोमीटरप्रमाणे मोबदला मिळतो, तिकिटाचे उत्पन्न या कंपनीकडे जमा होते आणि या दोहोंमधील तूट शेवटी महापालिकेच्या तिजोरीतून भरून निघते. या व्यवस्थेचा अर्थ टेबलावरील तरुण फार सोपा करून सांगतात : गाडी रिकामी धावली काय किंवा भरून धावली काय, ठेकेदाराला फरक पडत नाही, तेव्हा वेळ चुकीची आहे हे वाहकाला सुनावून काही साधत नाही, मार्ग आणि वेळा ठरवणाऱ्या या परिवहन महामंडळालाच लिहावे लागते. त्यांचे अर्ज ‘बस वेळेवर येत नाही’ अशा मोघम वाक्यावर थांबत नाहीत. मार्ग क्रमांक, थांबा, दिनांक, अपेक्षित वेळ आणि त्या वेळेला थांब्यावर साधारण कोण प्रवासी असतात, इतका तपशील असल्याखेरीज अर्ज पुढे जात नाही. शालिमार आणि रविवार कारंजा येथून दुकाने बंद झाल्यानंतर सिडको आणि आडगावच्या दिशेने सुटणाऱ्या गाड्यांबद्दलचा त्यांचा पाठपुरावा सर्वांत नेटाचा वाटला. वेतन थकल्यामुळे वाहकांनी काम बंद ठेवल्याचे प्रसंग या सेवेने एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. त्या काळात बाजारातील नोकरदारांचे काय झाले याच्या नोंदीही येथील वहीत सापडतात.

पार्किंगच्या प्रश्नावर मात्र या मंडळींत उघड मतभेद आहेत, आणि ते ओट्यावरच चालतात. जुने व्यापारी म्हणतात की गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक येणार नाही. तरुणांचे म्हणणे असे की दहीपूल, बोहोरपट्टी आणि सराफ बाजाराच्या रुंदीत गाड्या उभ्या केल्या तर माणसाला चालायलाच जागा उरत नाही, आणि बाजार चालतो तो चालणाऱ्याच्या खिशावर. मला तरुणांचे पटते. तरी लग्नाचा बस्ता बांधून किंवा तांब्याचा बंब घेऊन निघालेल्या कुटुंबाने बस धरावी ही अपेक्षाही पुस्तकी आहे. सामान नेणाऱ्यांना थोडा वेळ गाडी थांबवता येईल अशी सोय मागण्याइतका मध्यम मार्ग त्यांना अजून सुचलेला दिसत नाही.

याहून मोठी उणीव फेरीवाल्यांच्या बाबतीत आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर विक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत असे ठरवले आहे. टेबलावरील चर्चेत मात्र फेरीवाला अतिक्रमण या सदराखालीच येतो. दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या सेवेचा दुकानदाराकडे कल असणे समजण्यासारखे आहे, पण बाजाराच्या भल्याची भाषा बोलताना त्याच बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला बाहेर ठेवणे मला खटकले, आणि तसे मी त्यांना सांगितलेही. उत्तर मिळाले ते गुळमुळीत होते.

पाठपुराव्याचाही प्रश्न आहे. अर्ज लिहून देण्यात हे लोक वाकबगार आहेत, पण महिन्याभराने उत्तर आले की नाही याची आठवण आपल्यालाच करून द्यावी लागते. वही एकच आणि तीही हस्ताक्षरांच्या जंगलात हरवलेली. रविवारी सकाळची वेळ नोकरदारांना सोयीची असली तरी घरकाम करणाऱ्या बायकांना अडचणीची ठरते. शिवाय निवृत्त मंडळींपैकी कोणी मेट्रो निओचा विषय काढला की रांग थबकते : फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपयांचा उल्लेख झाला होता, रबरी टायरच्या विजेवरील लांब गाड्या येणार होत्या, आणि इतक्या वर्षांत हाती काय आले, या चर्चेला अंत नसतो. चर्चा रंजक असते, पण मागे उभ्या असलेल्या माणसाला पाणी सुटण्याच्या आत घरी पोहोचायचे असते.

अशा सेवेची गरज का भासली, हेही लक्षात घेतले पाहिजे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. प्रभागाला नगरसेवक नसताना गटार तुंबल्यापासून वाड्याच्या नोटिसीपर्यंत दाद मागायची कोणाकडे, हे लोकांना कळत नव्हते. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते आणि घाटांची कामे जशी वेग घेतील, तशी गावठाणातील खोदकामे आणि नोटिसांची संख्याही वाढेल असा माझा अंदाज आहे. सर्व्हेअर काकांचाही तोच आहे.

जाणार असाल तर वीजबिल, मिळतील तितक्या जुन्या भाडेपावत्या आणि नोटिसीच्या दोन छायाप्रती सोबत न्याव्यात, कारण रविवारी त्या गल्लीत झेरॉक्सचे दुकान उघडे मिळेलच असे नाही. बसची तक्रार असेल तर तिकीट जपून ठेवावे. त्यावरील मार्ग आणि वेळ अर्जात जशीच्या तशी उतरवून घेतात. माहिती अधिकाराचा अर्ज हवा असेल तर दहा रुपयांचे शुल्क आपले आपण भरायचे असते आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. ती तारीख स्वतःच्या कॅलेंडरवर लिहावी, टेबलाच्या वहीवर विसंबू नये. वाड्यांच्या मालकांनीही एकदा जाऊन यावे. पुनर्विकासाची बोलणी भाडेकरूंच्या मोजणीवरच अडतात, आणि सर्व्हेअर काकांची फीत मालक आणि भाडेकरू असा भेद करताना मी पाहिली नाही.